बर्लिनमध्ये घर शोधताय? आमचे 4400 युरो कसे गेले ते आधी वाचा

नोकरी लागून बर्लिनला येणारे आपले लोक आता बरेच भेटतात आणि सगळ्यांचं पहिलं टेन्शन एकच असतं, घर. आमच्या बाबतीत जे झालं ते आम्ही भेटेल त्याला सांगतो, पण जो अजून पुण्यात किंवा नाशिकला बसून जाहिराती बघतोय त्याच्यापर्यंत ते पोचत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. लांबलंय जरा, पण येणार असाल तर पूर्ण वाचा.

आधी इथली परिस्थिती समजून घ्या, कारण फसवणारे नेमका त्याचाच फायदा घेतात. घरात राहायला गेल्यापासून 14 दिवसांत ब्युर्गरआम्टमध्ये (नागरिकांच्या कामांचं सरकारी ऑफिस) पत्ता नोंदवायचा असतो, आनमेल्डुंग म्हणतात त्याला, आणि त्यासाठी घरमालकाने सही करून दिलेला कागद लागतो. आनमेल्डुंग झालं की टॅक्स नंबर पोस्टाने घरी येतो. तो नसेल तर बऱ्याच कंपन्या सहाव्या, म्हणजे सगळ्यात जास्त कापणाऱ्या टॅक्स क्लासने पगार कापतात, म्हणजे हातात येणारी रक्कम बघून पोटात गोळा येतो. पुढे पाळणाघर, फोनचं कनेक्शन, बऱ्याच बँका, सगळीकडे आनमेल्डुंगचा कागद मागतात. आणि कंपनी सुरुवातीला जे फर्निश्ड अपार्टमेंट देते तिथे बऱ्याचदा आनमेल्डुंग करू देत नाहीत. आमचंही तसंच होतं, अपार्टमेंटची मुदत संपत आलेली, नवऱ्याचा पहिला पगार कापून आलेला, आणि रोज ढिगाने अर्ज करूनही एक उत्तर येत नव्हतं. नवीन माणसाकडे शूफा नसतो (म्हणजे आपल्याकडच्या सिबिलसारखं रेकॉर्ड), जुन्या घरमालकाचं पत्र नसतं, त्यामुळे आपला अर्ज ढिगात खालीच राहतो.

अशात एका मोठ्या साईटवर फ्रीडरिशहाईनमधली दोन खोल्यांची जाहिरात दिसली, बॉक्सहागनर प्लाट्झपासून चालत पाच मिनिटं, भाडं 1050 युरो काल्ट (नुसत्या घराचं) आणि हीटिंग वगैरे धरून 1250 वार्म. फार स्वस्त अजिबात नव्हतं, हे मुद्दाम सांगतेय, कारण सगळे म्हणतात की स्वस्त दिसलं की सावध व्हा. उत्तर त्याच दिवशी आलं, आणि घर बघायलाही बोलावलं! "मी परदेशात आहे, चावी कुरिअरने पाठवतो" वाली फसवणूक आता सगळ्यांना माहीत झालीय, इथे तर समोर माणूस उभा होता, दार त्याने स्वतःच्या किल्लीने उघडलं, तिशीतला, इंग्लिश छान, म्हणाला लिस्बनला नोकरी लागलीय म्हणून घर भाड्याने देतोय. तळघरातली स्टोअररूम दाखवली, हीटिंग कसं वाढवायचं ते दाखवलं, शेजारच्या आजींना आवाजाचा त्रास होतो तेवढं सांभाळा म्हणाला.

आता मागे वळून बघितलं की त्या घरातल्या काही गोष्टी डोळ्यासमोर येतात, त्या सांगते म्हणजे तुम्हाला ओळखता येतील. बाथरूममध्ये एकसारखे पांढरे टॉवेल घडी करून रचून ठेवलेले. फ्रिजमध्ये दोन पाण्याच्या बाटल्या, बाकी काही नाही, किचनच्या ओट्यावर कॉफीच्या कॅप्सूलचा बोल आणि वायफायचा पासवर्ड फ्रेममध्ये. खाली सायकल स्टँडच्या दांड्याला आकडे फिरवून उघडायची छोटी किल्लीची पेटी लटकवलेली. पत्रपेटीवर त्याचं नाव होतं, पण ते कागदावर प्रिंट करून सेलोटेपने चिकटवलेलं, शेजारच्या सगळ्या पेट्यांवर मात्र एकाच पद्धतीच्या छापील पट्ट्या. ज्या घरात माणूस राहतो तिथे असं नसतं. त्याने तो फ्लॅट, टूरिस्टांना देतात तसा, चार दिवसांसाठी घेतला होता आणि त्या चार दिवसांत आमच्यासारख्या लोकांना रांगेने दाखवला.

अर्जासाठी त्याने पासपोर्ट, व्हिसाचं कार्ड, तीन सॅलरी स्लिप, नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट मागितलं. इथे सगळेच मागतात. दुसऱ्या दिवशी "तुमची निवड झाली" असा मेसेज, मागोमाग छापील नमुन्यातला व्यवस्थित भाडेकरार आणि त्याच्या ओळखपत्राची कॉपी. डिपॉझिट तीन महिन्यांचं, 3150 युरो, आणि पहिल्या महिन्याचं 1250, मिळून 4400. आणखी एक फॅमिली तयार आहे, आज संध्याकाळपर्यंत पैसे आले तर घर तुमचं. आपले जवळजवळ साडेचार लाख रुपये झाले हे, तिकिटं आणि सामान यानंतर उरलेलं आमचं सगळं सेव्हिंग. आयबॅन (इथला बँक खाते क्रमांक) जर्मनीचाच होता. ऑक्टोबर 2025 पासून युरो वापरणाऱ्या देशांत बँकेला ट्रान्सफरच्या आधी नाव आणि आयबॅन जुळतात का ते दाखवावं लागतं, तर तेही जुळलं, करारावर जे नाव तेच अकाउंटवर. इन्स्टंट ट्रान्सफर दहा सेकंदांत पोचतं आणि एकदा पोचलं की समोरच्याच्या संमतीशिवाय परत येत नाही.

चावी घ्यायच्या दिवशी बॅगा घेऊन गेलो तर दाराशी आमच्याआधीच एक स्पॅनिश मुलगी उभी, तिच्याही हातात तोच करार, तोच फ्लॅट, तीच तारीख. आम्ही एकमेकींचे कागद बघतोय तेवढ्यात वरून सफाईवाल्या बाई चादरींची निळी पिशवी घेऊन खाली आल्या आणि म्हणाल्या दुपारी पुढचे पाहुणे येतायत. ती मुलगी तिथेच पायरीवर बसली. तिने आईकडून उसने आणले होते पैसे. मला अजूनही तिचाच चेहरा आठवतो आणि राग येतो, कारण हे लोक ठरवून अशांनाच धरतात ज्यांचं या शहरात कुणी नाही आणि ज्यांना भाषा येत नाही.

पोलिसात तक्रार केली. बर्लिन पोलिसांची ऑनलाइन तक्रारीची सोय आहे, केस नंबर मिळतो, तो नंबर जपून ठेवा कारण पुढे पदोपदी लागतो. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, चॅट, करार, बँकेचं स्टेटमेंट सगळं लगेच सेव्ह करा, जाहिरात काही तासांत गायब होते. बँकेलाही त्याच मिनिटाला फोन करा, आमच्या वेळी त्या अकाउंटमधून पैसे कधीच निघून गेले होते.

आणि मग पोलिसांकडून जे कळलं ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. करारावर ज्याचं नाव होतं तो माणूस खरा आहे, आणि तो आमच्यासारखाच घर शोधणारा होता! त्यानेही असेच कागद पाठवले होते, त्याला "ओळख पटवायची आहे" म्हणून एक व्हिडिओ कॉल करायला लावला आणि त्या कॉलवर त्याच्या नावाने बँक अकाउंट उघडलं गेलं. नोकरीच्या इंटरव्ह्यूच्या नावाखालीही हेच करतात. म्हणजे एकाचे कागद वापरून दुसऱ्याला फसवायचं, दुसऱ्याचे वापरून तिसऱ्याला. पैसे गेले की आपण म्हणतो जाऊदे, पण पासपोर्टची कॉपी त्यांच्याकडे राहते.

आमच्या बाबतीत काही महिन्यांनी वसुली कंपनीचं पत्र आलं, नवऱ्याच्या नावाने कुणीतरी महागडा फोन घेतलेला. आमचा नवीन पत्ता त्यांना नोंदणी कार्यालयातून मिळाला. अशी पत्रं फाडून फेकू नका, घाबरून पैसेही भरू नका, पोलिस तक्रार जोडून लेखी हरकत पाठवा. कोर्टाचं पिवळं पाकीट आलं तर हरकत घ्यायला दोनच आठवडे असतात, ते पाकीट कधीही पडून राहू देऊ नका. शूफाकडे ओळख चोरीला गेल्याची नोंद करता येते, ती आम्ही केली, आधीच केली असती तर फोनचं प्रकरण कदाचित झालंच नसतं.

आता आम्ही ओळखीच्यांना काय करायला लावतो ते लिहिते. कागद पाठवताना प्रत्येक पानावर आडवं लिहा, फक्त या पत्त्याच्या घराच्या अर्जासाठी आणि तारीख, पासपोर्ट नंबर झाका. घर बघायच्या आधी कुणाला काहीच पाठवायचं नाही. बघायला गेलात की जिन्यात नोटीस बोर्ड असतो, त्यावर बिल्डिंग सांभाळणाऱ्या कंपनीचं किंवा हाउसमाइस्टरचं (बिल्डिंगची देखभाल करणारा माणूस) नाव-फोन असतं, त्याचा फोटो काढा आणि फोन करून विचारा की हा फ्लॅट खरंच भाड्याने निघालाय का, जर्मन येत नसेल तर ऑफिसमधल्या कुणाला करायला सांगा. शेजारची बेल वाजवायला लाजू नका. कुणी पोटभाडेकरू ठेवत असेल तर मूळ घरमालकाची लेखी परवानगी मागा.

डिपॉझिटचं तर कायद्यातच आहे, जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्ट भाडं, तेही तीन हप्त्यांत देता येतं आणि पहिला हप्ता भाडेकरार सुरू झाल्यावर. प्रत्यक्षात बरेच खरे घरमालकही एकदम मागतात हे मान्य, पण चावी हातात यायच्या आधी पैसे द्यायचे नाहीतच. घरमालकाने नेमलेल्या एजंटची फी 2015 पासून भाडेकरूने द्यायची नसते, त्यामुळे फ्लॅट दाखवायची फी मागितली तर तिथूनच परत फिरा. आणि नुसतं आनमेल्डुंग विकणारेही भेटतील, काही शे युरोत पत्ता देतो म्हणून, त्यांच्या नादाला लागू नका, राहत नसलेल्या पत्त्यावर नोंदणी बेकायदा आहे आणि असा पत्ता देणाऱ्याला 50,000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो.

आम्हाला शेवटी घर मिळालं ते लिश्टेनबेर्गमध्ये, शहराच्या मालकीच्या गृहनिर्माण कंपनीकडून. अशा काही कंपन्या आहेत, डेगेवो, गेसोबाऊ, गेवोबाग, होवोगे, श्टाट उंड लांड आणि डब्ल्यूबीएम, त्यांची घरं इनबर्लिनवोनेन या एकाच साईटवर दिसतात. वेळ लागतो, नकार खूप येतात, पण समोर कोण आहे ते माहीत असतं. तोपर्यंत आनमेल्डुंग करू देणारं तात्पुरतं घर कंपनीच्या एचआरकडून लेखी मागून घ्या, ऑफर साइन करायच्या आधीच, तेव्हाच ते ऐकतात.

परवा आमच्या त्या जाहिरातीतलेच फोटो परत दिसले, यावेळी पत्ता विल्मर्सडोर्फचा आणि नाव एका बाईचं. राखाडी सोफा, त्यावर दोन मोहरी रंगाच्या उशा, खिडकीशी उंच कॅक्टस आणि भिंतीवर टीव्ही टॉवरचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो. मी रिपोर्ट केली आणि केस नंबर टाकून पोलिसांनाही पाठवली, कुणाला अशी जाहिरात दिसली तर उत्तर न देता लगेच तेच करा.