पूर्ण उंचीचा शैक्षणिक सांगाडा: वर्षभर वर्गात वापरल्यानंतर

जूनमध्ये शाळा उघडताना आम्ही प्रयोगशाळेसाठी प्लास्टिकचा पूर्ण उंचीचा सांगाडा घेतला. चाकांच्या स्टँडवर उभा राहणारा, कवटी उघडणारा, हातपाय सुटे होणारा. सहावीपासून दहावीपर्यंत सगळ्या तुकड्यांनी तो हाताळलाय, आता वार्षिक परीक्षा तोंडावर आली आहे. सांधे शिकवायला घेणार असाल तर माझं मत आधीच सांगते: हाडं एकमेकांत कशी बसतात हे दाखवायला याला तोड नाही. मात्र सांधा किती आणि कसा हलतो, ते मुलांच्या स्वतःच्या अंगावरच दाखवावं लागतं.

सगळ्यात जास्त उपयोग कोपराचा झाला. हात सरळ केला की अल्नाचं (कोपराखालच्या दोन हाडांपैकी करंगळीकडच्या हाडाचं) वरचं वाकडं टोक दंडाच्या हाडामागच्या खळग्यात जाऊन बसतं. हात त्यापुढे मागे का जात नाही, हे मुलांना तिथे बोट लावून कळतं. बहुतेकांच्या वहीत ‘बिजागरीचा सांधा: १८० अंश’ असं लिहिलेलं असतं. मी कंपासपेटीतला कोनमापक लावून मोजायला सांगते. सरळ हातापासून पूर्ण दुमडेपर्यंत साधारण १४० ते १५० अंश भरतात, कारण पुढे दंड आणि हात एकमेकांना टेकतात. मोजून काढलेला आकडा मुलं विसरत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

खांदा आणि खुबा शेजारी शेजारी दाखवावेत, त्यासाठी सुटे होणारे हातपाय फार कामाचे. दोन्ही उखळीचे सांधे, पण उखळ म्हणावी अशी खोल खाच खुब्यालाच आहे. मांडीच्या हाडाचा गोल तिच्यात निम्म्याहून जास्त आत जातो. खांद्याची खाच बशीइतकी उथळ, दंडाच्या हाडाच्या गोलाचा जेमतेम तिसरा हिस्सा तिला टेकतो. म्हणून हात चौफेर फिरतो आणि म्हणूनच मोठ्या सांध्यांत खांदा सगळ्यात जास्त वेळा निखळतो. खुब्याला शरीराचं वजन पेलायचं असतं, तिथे मोकळेपणापेक्षा घट्टपणा हवा. आठवीतल्या एका कबड्डी खेळणाऱ्या मुलीने हे पाहून विचारलं, “मग खांदा धरून कोण ठेवतं?” स्नायू, त्यांना हाडांशी जोडणारे कंडरे आणि हाडाला हाड बांधणारे अस्थिबंध. सांगाड्यात यातलं काहीच नसतं, आणि त्याच्या मर्यादा नेमक्या इथून सुरू होतात.

आमच्या सांगाड्याचा पाय मागे जवळजवळ आडवा होईपर्यंत जातो. माणसाचा पाय खुब्यातून मागे जेमतेम १५–२० अंश जातो, कारण खुब्याच्या पुढच्या बाजूला शरीरातला सगळ्यात बळकट अस्थिबंध आहे. खांद्यात उलट अडचण. आपण हात पूर्ण वर नेतो तेव्हा त्या हालचालीचा सुमारे एक तृतीयांश भाग खांद्याचं पातं बरगड्यांवरून फिरल्यामुळे मिळतो. सांगाड्यात ते पातं स्क्रूने पक्कं बसवलंय. मी जोड्या करते: एकाने दुसऱ्याच्या पाठीवरच्या पात्यावर तळवा ठेवायचा, दुसऱ्याने हात सावकाश वर न्यायचा. पातं हाताखालून सरकताना जाणवलं की वर्गात एकदम गलका होतो, आणि मला तो हवाच असतो.

खिळीच्या सांध्यासाठी मात्र मान उत्तम. दुसऱ्या मणक्याची खुंटी पहिल्या मणक्याच्या कड्यात शिरलेली स्पष्ट दिसते. ‘हो’ म्हणताना कवटी पहिल्या मणक्यावर डोलते. ‘नाही’ म्हणताना कवटी आणि पहिला मणका मिळून त्या खुंटीभोवती फिरतात. मान वळते त्यातली जवळपास निम्मी हालचाल याच एका जागी होते.

मनगटाजवळ निराशा झाली. रेडियस (अंगठ्याकडचं हाड) आणि अल्ना दोन्ही टोकांना तारेने आवळून टाकलेत, त्यामुळे तळहात उताणा-पालथा करून दाखवता येत नाही. मग मुलांनी स्वतःचं कोपर बाकावर टेकवून हात दुसऱ्या हाताने धरायचा आणि तळहात फिरवायचा. रेडियस अल्नावरून तिरकं पलीकडे जाताना बोटांना कळतं. गुडघाही असाच, एका बोल्टवर बसवलेला. खरा गुडघा वाकताना घरंगळतो आणि सरकतोही. पाय पूर्ण ताठ होताना नडगी किंचित बाहेर वळून सांधा जणू कुलूपबंद होतो. बोल्टमध्ये हे कुठून येणार? गुडघ्याची वाटीसुद्धा चिकटवलेली आहे. अंगठ्याच्या मुळाशी असलेला खोगिरी सांधा तर इतका ढोबळ केलाय की मी तो दाखवायचंच सोडून दिलं.

अचल सांध्यांसाठी कवटी छान आहे, शिवणी नागमोडी आणि ठळक. तान्ह्या बाळाची टाळू अजून न जुळलेल्या शिवणींची जागा असते, हे सांगितलं की घरी धाकटं भावंड असलेली मुलं लगेच ओळखतात.

देखभाल फार नाही, पण लागते. खांद्याचे स्क्रू सतत ढिले पडायचे. आत रबरी वॉशर टाकल्यापासून बरे आहेत. उजव्या अंगठ्याची तार तुटली, तिथे गळाची तंगूस ओवली, ती तारेपेक्षा चांगली टिकली. प्लास्टिकचा वास पहिले काही आठवडे होता, मग गेला. वर जुनी चादर घालून ठेवली की धूळ बसत नाही.

घेण्याआधी दुकानात दोन गोष्टी हात लावून बघाच: हाताची दोन हाडं एकमेकांवरून फिरतात का, आणि गुडघ्याची वाटी मोकळी आहे का. अर्ध्या उंचीचं मॉडेल स्वस्त पडतं, पण बोटांचे आणि मानेचे सांधे त्यात मागच्या बाकांवरून दिसत नाहीत. पन्नास-साठ मुलांच्या वर्गासाठी ते घेऊ नये. बजेट उरत असेल तर अस्थिबंध आणि कूर्चेच्या चकत्या दाखवणारं गुडघ्याचं सुटं मॉडेल सोबत घ्या. आम्ही पुढच्या वर्षीच्या मागणीपत्रात तेच पहिलं लिहिलंय.