टाइल्स बसायच्या आधी पाणी भरून बघा

पाषाणला आमच्या बंगल्यामागे सासऱ्यांनी 1996 साली स्विमिंग पूल बांधून घेतला. 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद, सरासरी सव्वाचार फूट खोल. माझी दोन्ही मुलं त्यातच पोहायला शिकली. आता टाइल्स सुटायला लागल्या होत्या, कडेचं लाकडी डेक कुजलं होतं, म्हणून गेल्या वर्षी काम काढलं आणि पुरते फसलो.

कॉन्ट्रॅक्टर ओळखीतून आलेला. आल्या आल्या सासूबाईंच्या पाया पडला. "आजी, आजोबांनी हौसेनं बांधलंय, तसंच उभं करून देतो." कोटेशन साडेनऊ लाखांचं, 60 टक्के आगाऊ. "पक्कं बिल कशाला ताई, 18 टक्के जीएसटी वाचेल," म्हणाला आणि आम्ही कबूल झालो. ती चूक आमचीच. टाइल्सचं माप त्यानं 1,100 चौरस फूट लावलं होतं. तळ आणि चारही भिंती मिळून जेमतेम 680 भरतात. टेप घेऊन दहा मिनिटांत कळलं असतं, पण मी मोजलं ते पैसे दिल्यावर.

मे महिन्यात 10 हजार लिटरचे चार टँकर मागवून पूल भरला. दोन दिवसांत पाणी 7 सेंटिमीटर उतरलं. "ऊन किती आहे ताई, उडणारच." शेजारचे काका निवृत्त सिव्हिल इंजिनिअर. त्यांनी पूलच्या पायरीवर बादली ठेवायला लावली, हलू नये म्हणून आत दगड. बादलीत बाहेरच्याच पातळीला पाणी भरलं आणि दोन्हीकडे पेन्सिलीनं खूण केली. ऊन दोन्हीकडे सारखंच. दुसऱ्या दिवशी बादलीतलं पाणी अर्धा सेंटिमीटर उतरलं होतं, पूलमधलं साडेतीन. म्हणजे रोज साधारण 960 लिटर विकतचं पाणी जमिनीत मुरत होतं.

काकांनी नाण्यानं टाइल्स ठोकल्या. जिथे बद्द आवाज आला तिथल्या दोन उचकटल्या. खाली वॉटरप्रूफिंगचा थरच नव्हता, नुसता सिमेंट-वाळूचा माल. पाइप भिंतीतून आत येतो तिथे बोट जाईल एवढी फट. आम्ही लग्नासाठी चार दिवस साताऱ्याला गेलो होतो, तेवढ्यात सगळ्या टाइल्स बसवून झाल्या होत्या. कोटिंगचे रिकामे डबे मात्र त्यानं रांगेत मांडून दाखवले होते. मी विश्वासानं त्यांचे फोटोसुद्धा काढले होते.

जूनअखेर "दुरुस्त करतो" म्हणून त्यानं पूल रिकामा केला, आणखी दीड लाख घेतले आणि फोन उचलणं बंद केलं. भर पावसात पूल रिकामा ठेवायचा नसतो, हे त्या धंद्यातल्या माणसाला माहीत नसेल असं मला वाटत नाही. भोवतालच्या जमिनीत पाणी चढतं आणि तळाला खालून वर रेटतं. पूल भरलेला असला की आतल्या पाण्याच्या वजनानं तळ जागेवर राहतो. जुलैत एका रात्री कडाडकन आवाज झाला. सकाळी पाहिलं तर तळाच्या मधोमध टाइल्स फुगून वर आल्या होत्या.

डेक सागवानी ठरलं होतं. पहिल्याच पावसात फळ्यांचा रंग ओघळला. नवरा एक फळी घेऊन भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेला. दुकानदारानं रंध्याचा एक हात मारला, आत पांढरट पाइन. स्क्रू साधे लोखंडी, डोकी गंजलेली.

ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर फोन केला, मग पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. प्रकार घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. बिल नसल्यानं आता सगळा भार बँकेतल्या नोंदींवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या त्याच्या मेसेजवर आहे, त्यामुळे असं काही घडलं तर कुणी चॅट पुसू नका. कोटेशनवरचा जीएसटी नंबर 14 अक्षरांचा होता. खरा 15 अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला 27 नं सुरू होतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकून तपासता येतो.

त्याचं सध्या बाणेरला एका बंगल्यात काम चालू आहे असं कानावर आलंय. तुमच्याकडे अजून टाइल्स बसल्या नसतील तर त्याला थांबवा. आधी पूल भरून सात दिवस ठेवा, पायरीवर तशीच बादली ठेवा, आणि तोवर पुढचा हप्ता देऊ नका.