मारुती मंदिराजवळची अभ्यासिका, बारावी-सीईटीवाल्यांनी जरूर बघा

मी मूळची राजापूर साइडची, बारावी सायन्सला रत्नागिरीत रूम करून राहते. रूमवर अभ्यास म्हणजे मोबाइलवर लेक्चर लावायचं, मधेच मैत्रिणीने पाठवलेलं रील, ते बघता बघता साडेअकरा वाजायचे आणि इंटिग्रेशनचं पान तिथंच उघडं. आईचा फोन आला की "हो झाला अभ्यास" म्हणताना फार वाईट वाटायचं. म्हणून ऑगस्टपासून इथे येतेय, महिना 600 रुपये, सहा महिने झाले म्हणून आता लिहिते.

मेन गोष्ट म्हणजे फोन आत न्यायचाच नाही. दाराशी पत्र्याचं कपाट आहे, खणांना नंबर, फोन बंद करून त्यात ठेवायचा. कोणी नुसता वायब्रेटवर ठेवला तर अख्खं कपाट खडखडतं आणि अभ्यासिका चालवणारे काका आतूनच "बंद करून ठेव गो" म्हणतात. बैठक 90 मिनिटांची, मग 20 मिनिटं सुट्टी. सीईटीला पण फिजिक्स-केमिस्ट्रीला 90 आणि मॅथ्सला वेगळी 90 मिनिटं असतात, तेवढा वेळ एका जागी बसायची सवय मला इथंच लागली, आधी अर्ध्या तासात हात फोन शोधायचा. 2017 साली टेक्सास युनिव्हर्सिटीच्या प्रयोगात फोन टेबलावर पालथा ठेवलेल्यांपेक्षा दुसऱ्या खोलीत ठेवलेल्यांची टेस्ट चांगली गेली होती, फोन सायलेंट असूनही. मला शंभर टक्के पटतं.

आणि काका करमणुकीच्या विरोधात अजिबात नाहीत, हे सगळ्यात आवडलं. सुट्टीत पडवीत बसून काय हवं ते बघा, मॅच असली की सगळे एकाच फोनभोवती गोळा होतो, पण घंटा झाली की ओव्हर अर्धी राहिली तरी उठायचं. संध्याकाळी सुटलो की मांडवीच्या जेट्टीवर जातो, तेव्हा फोनची आठवणही येत नाही.

खटकतं ते एवढंच, लेक्चर आत बघता येत नाही त्यामुळे डाऊट वहीत लिहून ठेवावे लागतात. पावसात लाइट गेली की इन्व्हर्टरवर फक्त ट्यूब, पंखे बंद, त्यात ओल्या छत्र्यांचा कुबट वास.

आणि आता शिमग्याला चार दिवस बंद अशी पाटी लागलीय, नेमके आमचे पेपर तेव्हाच. काका, वाचत असाल तर निदान सकाळचं तरी उघडा प्लीज, कपाट आम्ही सांभाळू.