शिलाई मशीनवरची कंबर आणि हातांनी केलेल्या उपचाराचे आठ महिने

मी सोलापुरात शाळेचे गणवेश शिवते. मार्च ते जून आमचा सीझन, दिवसाचे नऊ-दहा तास मशीनवर. दोन वर्षं सकाळी उठताना कंबर लाकडासारखी व्हायची आणि उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली सतत रग. बाम, शेक, गोळ्या सगळं झालं. एका ठिकाणी मालिश करून घेतली. ‘गाठी फोडतो’ म्हणत कोपराने एवढं दाबलं की चार दिवस पाठ काळीनिळी होती. दुखणं होतं तिथंच.

शेवटी डॉक्टरांनी तपासून नस दबलेली नाही असं सांगितलं आणि फिजिओथेरपीला पाठवलं. दिवाळीनंतर मायोफॅशियल रिलीज, म्हणजे स्नायूंवरच्या पापुद्र्यावर (फॅशियावर) हातानं सावकाश करायचा उपचार, सुरू केला.

पहिल्या दिवशी फिजिओथेरपीच्या मॅडमनी पालथं झोपवलं. तेल नाहीच. तेलानं हात घसरतो, त्वचेला पकड मिळत नाही. तळहात कमरेवर टेकवून त्यांनी त्वचा हळूच सरकवली. डावीकडे सहज गेली, उजवीकडे अडली. ते अडणं मलाही आतून कळलं. तिथंच हात ठेवून त्या दीड-दोन मिनिटं थांबल्या. आधी काहीच जाणवलं नाही, मग ऊब आली आणि श्वास आपोआप खोल गेला. दोन वर्षांत माझ्या पाठीला इतक्या सावकाश कुणी हात लावला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं.

मटण साफ करताना वरून पातळ, पांढरट, ओला पापुद्रा निघतो ना, तोच फॅशिया. आपल्याही प्रत्येक स्नायूवर असतो, आतल्या तंतूंच्या जुडग्यांभोवतीही. थरांमध्ये हायलुरोनन नावाचा बुळबुळीत पदार्थ असतो, त्यामुळे थर एकमेकांवरून सरकतात. कमरेवर याचाच रुंद, जाड पट्टा आहे. दंडापर्यंत जाणारा पाठीचा मोठा स्नायू त्याला वरून जोडलेला, नितंबाचा मोठा स्नायू खालून. उजव्या हातानं कापड सारायचं, उजव्या पायानं पायडल दाबायचं, म्हणजे दिवसभर दोन्हीकडून ओढ त्याच पट्ट्यावर. शिवाय त्यात वेदना कळवणाऱ्या नसांची टोकंही असतात. मॅडमकडून हे ऐकल्यावर खांदा आणि कंबर एकदमच का धरतात याचा मला पहिल्यांदा उलगडा झाला.

हातानं गाठी खरंच फुटतात का, हे मी सरळ विचारलं. “नाही हो ताई,” मॅडम म्हणाल्या. २००८ साली संशोधकांनी गणित मांडलं होतं, की मांडीच्या बाजूचा जाड फॅशिया १ टक्का दाबायलासुद्धा माणसाच्या हाताबाहेरचा जोर लागतो. आराम मिळतो तो मुख्यतः नसा शांत झाल्यामुळे, आणि शरीर स्वतःहून ढिलं सोडतं म्हणून. हे खरं सांगितलं म्हणूनच माझा विश्वास बसला. जोरात दाबणं म्हणजे चांगला उपचार, हा समज सोडा.

आधी सहा आठवडे दर आठवड्याला गेले, मग पंधरवड्यानं, आता महिन्यातून एकदा. एका वेळेचे ५०० रुपये, आतापर्यंत पंधरा वेळा. सुरुवातीला आराम जेमतेम दोन दिवस टिकायचा. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वरांचा अक्षता सोहळा मी पूर्ण वेळ उभी राहून पाहिला. आधीच्या दोन्ही वर्षी मध्येच कट्टा शोधावा लागला होता.

फेब्रुवारीत लग्नाच्या ब्लाउजांची ऑर्डर आली आणि मॅडमनी दिलेला व्यायाम सुटला. दहा दिवसांत कंबर पुन्हा धरली. तेव्हा पटलं, हात वाट मोकळी करून देतात, चालायचं आपणच. आता चाळीस मिनिटांनी उठते, भिंतीला तळहात लावून पाठ लांबवते. स्टुल बुटका होता, त्यावर जुनी चादर चौपदरी घालून उंची वाढवली. खरं सांगते, या चादरीचा वाटा पंधरा वेळांच्या उपचाराइतकाच आहे.

रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, हाडं ठिसूळ असतील किंवा पायात रक्ताची गुठळी झाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाठ कुणाच्या हाती देऊ नका. पाय बधिर होत असेल किंवा लघवीवरचा ताबा जात असेल तर मालिशच्या वाटेला न जाता थेट दवाखाना गाठा.

मागच्या आठवड्यात मॅडमनी पुन्हा त्वचा सरकवून पाहिली. उजवीकडे अजून जराशी अडते, पण सरकते. शाळांची राहिलेली पार्सलं गेली की जुलैत पुन्हा जायचं आहे.