लघवी तपासणारं स्मार्ट टॉयलेट की साधी पट्टी?

पट्टी लघवीत बुडवून तिच्यावरच्या रसायनाच्या चौकोनांचे बदललेले रंग डोळ्यांनी वाचायचे; टॉयलेटमध्ये बसवलेलं यंत्र हेच आपोआप करतं. दोन्हींत रसायन बहुतेक सारखंच असतं. फरक नमुना घेण्यात आणि रंग वाचण्यात.

अचूकता: पट्टीचा घोळ घड्याळाचा. ग्लुकोजचा चौकोन ३० सेकंदांनी वाचायचा, प्रथिनांचा ६० आणि पांढऱ्या पेशींचा १२० सेकंदांनी. पाच मिनिटांनी पाहिलेला रंग फुकट. टॉयलेटमधलं यंत्र वेळ चुकवत नाही, पण भांड्यातल्या पाण्याने नमुना पातळ झाला किंवा ब्लीच उरलं, तर ग्लुकोज आणि रक्ताचे आकडे बिघडतात. 'क' जीवनसत्त्वाच्या गोळ्या दोन्हींना फसवतात: रक्त, साखर असूनही दिसत नाही.

मेहनत: पट्टीसाठी कप, मधल्या धारेची लघवी, बुडवून लगेच बाहेर, कडेने निथळवणं. यंत्राला बसण्यापलीकडे काही नको. मात्र कार्ट्रिज (रसायनाची डबी) बदलणं, चार्जिंग आणि घरातल्या कोणाची लघवी हे ओळखणं आलंच. पाहुण्याचा अहवाल तुमच्या खात्यात जमा झाला, की आलेख निकामी.

खर्च: पट्टीची बाटली स्वस्त, पण झाकण उघडं राहिलं तर दमटपणाने पट्ट्या खराब होतात. यंत्राचा खरा खर्च कार्ट्रिजचा, तो संपत नाही.

मधुमेहासाठी दोन्ही अपुरी. रक्तशर्करा साधारण १८० mg/dL च्या वर गेल्यावरच साखर लघवीत उतरते. तिथे ग्लुकोमीटरच हवा.

मूतखड्याचा जुना त्रास असून लघवीची घनता रोज पाहायची असेल, तर यंत्र. जळजळ झाली की एकदा बघायचं असेल, तर पट्टी. तीही सकाळच्या पहिल्या लघवीवर.