‘गोव्याहून सुटलेला माल’ म्हणून विकली जाणारी बास फिशिंगची काठी, रीळ आणि दोर

निपाणी ते संकेश्वर या पट्ट्यात महामार्गाच्या सर्व्हिस रोडला पांढरी व्हॅन लावून गळाचं विलायती सामान विकणारा एक माणूस फिरत होता. अजूनही फिरत असेल. मागचं दार उघडं, आत ओळीने लावलेल्या काळ्या चकचकीत काठ्या, निळ्या-सोनेरी खोक्यांत रीळ, आणि एक पाटी: ‘बास कॉम्बो, कस्टम क्लिअरन्स, गोवा’. माझ्याकडून आणि माझ्या भाच्याकडून त्याने दोन संचांचे मिळून 13,000 रुपये घेतले. हिरण्यकेशी, घटप्रभा, वेदगंगा, दूधगंगेच्या काठाला राहणारी आणि लूरच्या, म्हणजे खोट्या आमिषाच्या, मासेमारीकडे नव्याने वळलेली कितीतरी पोरं मला माहीत आहेत. त्यांच्यातल्या एकाचेही पैसे असे जाऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी बासबद्दल, कारण फसवणूक तिथूनच सुरू होते. लार्जमाऊथ बास हा उत्तर अमेरिकेतला मासा. आमच्या नद्यांत तो नाही. पण तो पाणवनस्पतीत दबा धरतो, वरून काही हललं की झडप घालतो, आणि तोंडात गळ बसला की परत शेवाळात घुसतो. आमची मरळ अगदी हेच करते. म्हणून बाससाठी बनलेली सहा-सात फुटी, मधल्यापेक्षा थोडी जड काठी आणि मजबूत दोर मरळीला उत्तम लागतो, आणि आपल्याकडे तेच सामान ‘बास रॉड’ या नावाने विकलं जातं. इथवर काही खोटं नाही. व्हॅनवाल्याने मात्र पुढे सांगितलं की हिडकल धरणात सरकारने बासचं बी सोडलंय, पुढच्या वर्षी पाच-पाच किलोचे निघतील, म्हणून आताच सामान घेऊन ठेवा. ही निव्वळ थाप.

त्याचं बोलणं आमच्यातलंच होतं. “पावणं, तुम्ही आपली माणसं. दुसऱ्याला साडेनऊला देतोय, तुमच्याकडनं काय जास्त घ्यायचं? साडेसहा द्या आणि घेऊन जावा की.” मग हळूच म्हणाला, “बेळगावात दुकानात गेलासा तर मराठी बोलताय म्हणून पंधरा हजाराला लावतील.” हे वाक्य मला आजही सगळ्यात जास्त लागतं. सीमाभागात मराठी माणसाला भाषेवरून जे सोसावं लागतं ते खरं आहे, आणि त्याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवून या माणसाने धंदा केला. पुढे ज्या दुकानदाराने बेळगावात ते रीळ एक पैसा न घेता उघडून दाखवलं, तो कन्नड बोलणारा होता आणि माझ्याशी मोडक्यातोडक्या मराठीत बोलत होता.

हिडकलच्या फुगवट्याला, ठेकेदाराची परवानगी घेऊन, आम्ही ते सामान पाण्यावर नेलं. पहिले काही फेक बरे गेले. मग शेवाळाच्या कडेला रबरी बेडकावर मरळीने झडप घातली आणि एका दमात सगळं उघडं पडलं. भाच्याने झटका दिला तर रीळची मूठ उलटी फिरायला लागली. ती उलटी फिरताच कामा नये. त्याने हाताने स्पूल (रीळमधली दोराची फिरकी) दाबून धरला, काठी वाकली आणि जोडाच्या वितभर वर कडकन मोडली. तुटलेल्या टोकाच्या काचतंतूंच्या कुसळ्या त्याच्या तळव्यात घुसल्या, त्या काढायला डॉक्टरकडे जावं लागलं. शेवटी दोरही तुटला, आणि मासा जोडगळ तोंडात घेऊन गेला. पैशापेक्षा हे दोन्ही मला जास्त सलतं, पोराचा हात आणि गळ अडकलेला तो मासा.

त्यानंतर प्रत्येक वस्तू तपासली.

काठीवर लिहिलं होतं ‘99 टक्के कार्बन’. कार्बनच्या तंतूतून वीज वाहते, काचतंतूतून वाहत नाही. आमच्या गल्लीतल्या वायरमनने मल्टीमीटरच्या दोन्ही सुया मोडलेल्या उघड्या टोकावर, थोड्या अंतराने टेकवल्या. काटा हललाच नाही. वरून नुसता काळा रंग आणि विणकामासारखी दिसणारी छापील पट्टी. ही परीक्षा दुकानातही करता येते, फक्त रंगावर सुई टेकवून उपयोग नाही. दोन तुकड्यांच्या काठीत जोडाचं घासलेलं टोक असतं, तिथे टेकवायची. काचतंतूची काठी वाईट असते असं मी म्हणत नाही. ती जड असते, पण दणकट असते, आणि प्रामाणिकपणे काचतंतूची म्हणून विकलेली काठी नवशिक्याला पुष्कळ वर्षं साथ देते. आमची काठी पातळ भिंतीची, पोकळ आणि कच्ची होती. आणि कार्बन खरा निघाला तर एक जपायचं: कालव्याच्या आणि शेताच्या कडेला विजेच्या तारा खाली लोंबत असतात, तिथे ती काठी उभी धरून चालायचं नाही.

काठीवरचे आकडे नीट वाचले असते तर बनाव तिथेच कळण्यासारखा होता, पण ते आकडे काय सांगतात हे इकडे कुणी समजावूनच सांगत नाही. चांगल्या बास रॉडवर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात, दोराची ताकद आणि लूरचं वजन. मीडियम हेवी काठीवर साधारण दोर 12 ते 20 पौंड आणि लूर 3/8 ते 1 औंस, म्हणजे दहा-अकरा ते अठ्ठावीस ग्रॅम, असं काहीसं दिसेल. आमच्या काठीवर होतं ‘10–80 पौंड’. दहा पौंडाला नीट वाकणारी काठी ऐंशी पौंडाला टिकत नाही, आणि ऐंशीला टिकणारी काठी दहा ग्रॅमचा बेडूक लांब फेकू शकत नाही. लार्जमाऊथ बासचा जागतिक विक्रम 22 पौंड 4 औंसांचा आहे, म्हणजे जेमतेम दहा किलो. तो जॉर्ज पेरी यांनी 1932 साली अमेरिकेतल्या जॉर्जियात केला आणि 2009 साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली. जगातला सगळ्यात मोठा बास दहा किलोचा असताना बासच्या काठीवर ऐंशी पौंड कशाला लिहायचे? गिऱ्हाइकाचे डोळे दिपवायला.

काठीच्या कड्या हाताने तपासायच्या. चांगल्या कडीत आत गुळगुळीत सिरॅमिकची चकती बसवलेली असते. कानात घालतो तो कापूस कडीतून आतून फिरवा. कुठे तंतू अडकला तर तिथे चीर आहे आणि तीच चीर दोर कापणार. आमच्या कड्यांत सिरॅमिक नव्हतंच. लोखंडी कडीला आतून काळा रंग दिलेला, आणि थोड्याशा वापरात शेंड्याच्या कडीला दोराने खाच पडली होती.

रीळच्या खोक्यावर ‘13+1 बेरिंग’ छापलेलं. बेळगावच्या त्या दुकानदाराने स्क्रू काढून एकेक भाग कागदावर मांडला. धातूची बेरिंग तीन. बाकी जागी पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बुश. तो जो ‘+1’ असतो ना, ते मूठ उलटी फिरू न देणारं एकदिशा रोलर बेरिंग. तेच घसरत होतं, म्हणून पाण्यावर तो प्रकार झाला. त्याचं म्हणणं मला पटलं: बेरिंगची संख्या बघून रीळ घ्यायचंच नाही, चार-पाच चांगली बेरिंग असलेलं रीळ बारा वाईट बेरिंगवाल्याला भारी असतं. दुकानात मूठ हळू फिरवायची, मध्ये एकदम थांबवून मागे ढकलायची. जरा जरी मागे गेली तरी खाली ठेवायचं. मग ड्रॅगचं, म्हणजे मासा जोरात ओढायला लागला की दोर सोडणाऱ्या ब्रेकचं, बटन अर्धं आवळून हाताने दोर ओढायचा. तो एकसारखा सुटला पाहिजे, अडकत, झटके देत सुटला तर मोठा मासा नेमका त्या झटक्यालाच दोर तोडतो. ड्रॅग दोराच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर लावतात, म्हणजे 20 पौंडाच्या दोराला अडीच-तीन किलो पुरे. आमच्या 3000 आकाराच्या रीळवर लिहिलं होतं ‘18 किलो’. नावाजलेल्या कंपन्याही त्या आकाराला साधारण आठ-दहा किलोच लिहितात.

दोराची लबाडी सगळ्यात हुशारीची होती, कारण दोर डोळ्यांनी ओळखूच येत नाही. स्पूलवर लिहिलं होतं आठ पदरी पीई ब्रेडेड (विणलेला दोर), 50 पौंड, 300 मीटर. खरा पीई दोर पॉलिइथिलीनचा असतो आणि त्याची घनता 0.97 च्या आसपास, म्हणजे पाण्यापेक्षा हलका. पॉलिएस्टरची घनता 1.38, आपल्या साध्या तंगुसाच्या नायलॉनची 1.14, दोन्ही बुडतात. वीतभर दोर कापा, साबणाच्या पाण्यात बोटांनी चोळून त्यातली हवा घालवा आणि पाण्याच्या पेल्यात खाली ढकला. खरा पीई वर येतो. आमचा तळाला जाऊन बसला. मग भाच्याने दोराचे बरेच वेढे गुळगुळीत बाटलीला गुंडाळून दुसरं टोक ताणकाट्याला लावलं, कारण गाठ मारली की दोर गाठीशी तुटतो आणि खरा आकडा कळत नाही. 50 पौंड म्हणजे साडेबावीस किलोहून जास्त. दोर सात किलोच्या आत तुटला. आणि लांबी? अंगणात दोन खुंट्या मारून मोजली तर शंभर मीटरही भरली नाही. खाली स्पूल फुगवायला सुतळीसारखी जाड दोरी गुंडाळलेली.

नवीन माणसाने महागड्या ब्रेडेडच्या मागे लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ओळखीच्या दुकानातलं 0.30–0.35 मिलिमीटरचं नायलॉन तंगूस, 2500–3000 आकाराचं स्पिनिंग रीळ आणि साडेसहा-सात फुटांची काठी एवढ्यावर मरळ येते. नायलॉन थोडं ताणतं, चुकलेला झटका सांभाळून घेतं. बेटकास्टर, म्हणजे फेकताना स्पूल अंगठ्याने आवरायचं रीळ, शिकायला वेळ लागतो, अंगठा बसला नाही की दोराचा गुंता होतो, ते नंतर घ्यावं. आमच्याकडचे जुने गळवाले बांबूच्या काठीवर मरळ काढतात आणि त्यांच्या काठीवर एकही आकडा छापलेला नसतो.

आता कागदपत्रांचं. हे सीमाभागात विशेष लक्षात ठेवा, कारण इथे विकणारा स्वतःला कधी कर्नाटकचा, कधी कोल्हापूरचा, कधी गोव्याचा म्हणवतो. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे: कर्नाटक 29, महाराष्ट्र 27, गोवा 30. आमच्या बिलावर पत्ता गोव्यातल्या म्हापशाचा, क्रमांकाची सुरुवात 27 ने, आणि अक्षरं चौदाच. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर क्रमांक टाकला की व्यापाऱ्याचं नाव-पत्ता फुकट दिसतं, पैसे देण्याआधी उभ्या उभ्या बघता येतं. आयात मालाच्या वेष्टनावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष आणि किरकोळ विक्री किंमत छापणं 2011 च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. आमच्या खोक्यावर फक्त ‘14,999’ चा स्टिकर, वरून लाल काट मारलेला.

पैसे क्यूआर कोडवर गेले. खात्यावरचं नाव त्याने सांगितलेल्या नावापेक्षा वेगळं, बाईचं होतं. “बहिणीचं खातं” म्हणाला. सायबर फसवणुकीसाठी 1930 या क्रमांकावर फोन केला, तक्रार नोंदली गेली. पण तिथे जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे गोठवण्याची शक्यता जास्त, आणि आमच्या बाबतीत सामान पाण्यावर जाईपर्यंत ती वेळ निघून गेली होती. पोलीस ठाण्यातला अर्ज शेजारच्या मास्तरांनी कन्नडमध्ये लिहून दिला. ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही बोललो. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा चांगला आहे: आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. अडचण एकच. ग्राहक आयोगाची नोटीस जायला समोरच्याचं खरं नाव आणि पत्ता लागतो, आणि व्हॅनवाल्याचा तो नेमका कुणाकडेच नाही. त्यामुळे बिल घेताना गाडीचा क्रमांक, माणसाचा आणि क्यूआर पाटीचा फोटो घेऊन ठेवा. जो खरा व्यापारी आहे तो याला नाही म्हणत नाही.

चिकोडीकडच्या एका मुलाचे पैसेही त्याच खात्यावर गेलेत. त्याच्याकडे व्हॅनच्या मागच्या पाटीचा फोटो आहे, त्यात गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचता येतात. तो फोटो आणि दोघांच्या व्यवहारांचे क्रमांक जोडून पुरवणी अर्ज दिला आहे. ज्यांचे पैसे असेच गेलेत त्यांनी मोडकं सामान टाकून देऊ नका, खोक्यासकट जपून ठेवा आणि आपली तक्रार वेगळी नोंदवा.