आयटीयूचा कॉल साइन तक्ता: आशियातली स्थानकं ओळखायला कितपत पुरतो?

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या, म्हणजे आयटीयूच्या संकेतस्थळावर कॉल साइन (रेडिओ स्थानकाचं अक्षर-आकड्यांचं ओळखनाव) मालिकांचा तक्ता मोफत बघायला मिळतो. रेडिओ नियमावलीचं ४२ वं परिशिष्ट ते हेच. कुठली अक्षरं कुठल्या देशाच्या वाट्याला आली, याचा शेवटचा शब्द तिथेच आहे. हॅम (हौशी रेडिओ चालवणारे), जहाजं आणि विमानं ऐकणाऱ्यांनी तो जवळ ठेवावाच. पण त्याच्याकडून काय मागायचं, हे आधी नीट ठरवून घ्यावं.

वाचण्याची रीत सोपी आहे. ‘व्हीटीए ते व्हीडब्ल्यूझेड – भारत’ याचा अर्थ व्हीटी, व्हीयू, व्हीव्ही आणि व्हीडब्ल्यू या चारही जोड्या आपल्या. शिवाय एटी ते एडब्ल्यू आणि ८टी ते ८वाय. एकूण १४ जोड्या. जपानकडे जेए ते जेएस, ७जे ते ७एन आणि ८जे ते ८एन मिळून २९ आहेत. पाकिस्तानकडे एपी ते एएस आणि ६पी ते ६एस मिळून आठ, श्रीलंकेकडे ४पी ते ४एस या चार, तर नेपाळकडे फक्त ९एन आणि भूतानकडे फक्त ए५. क्यू, ० आणि १ ने सुरू होणारी मालिका कोणालाच दिलेली नाही. म्हणून उत्तर सायप्रसमधून ऐकू येणारं १बी तक्त्यात शोधत बसू नये. ते अधिकृत नाहीच.

पहिल्या अक्षरावर देश ठरवू नये, ही नवख्यांना पहिल्याच दिवशी सांगायची गोष्ट. यू घ्या: यूए ते यूआय रशिया, यूजे ते यूएम उझबेकिस्तान, यूएन ते यूक्यू कझाकस्तान, यूआर ते यूझेड युक्रेन. डी तर त्याहून फसवं: डीए ते डीआर जर्मनी, डीएस-डीटी दक्षिण कोरिया, डीयू ते डीझेड फिलिपिन्स. काही ठिकाणी दोन अक्षरंही पुरत नाहीत. एसएसए ते एसएसएम इजिप्तचं आणि एसएसएन पासून पुढे सुदानचं. तक्त्यात तीन अक्षरी हद्दी छापल्या आहेत त्या यासाठीच.

तक्त्याची खरी ताकद हॅमच्या बाहेर दिसते. मुंबईच्या विमानतळावर भारतीय विमानांच्या अंगावर व्हीटी रंगवलेलं असतं, मुंबई रेडिओ या किनारा स्थानकाचा कॉल व्हीडब्ल्यूबी, आणि आपले हॅम व्हीयू२, व्हीयू३. तिन्ही एकाच ओळीतून निघालेले. श्रीलंकेचे हॅम ४एस७ वापरतात आणि विमानं ४आर. फक्त हॅमची यादी पाठ असलेला माणूस ४आर ऐकून अडतो. तक्ता उघडा असलेला अडत नाही.

आता उणीव, आणि ती मोठी आहे. मालिका कोणत्या प्रशासनाची, एवढंच तक्ता सांगतो. अँटेना कुठल्या जमिनीवर उभी आहे, हे त्याच्या कक्षेतच नाही. बी ही पूर्ण मालिका चीनच्या नावावर आहे. तैवानचे हॅम त्यातल्याच बीएम ते बीक्यू आणि बीयू ते बीएक्स या जोड्या वापरतात, पण तैवान हे नाव तक्त्यात सापडणार नाही. व्हीयू४ अंदमान-निकोबार आणि व्हीयू७ लक्षद्वीप डीएक्ससीसीत, म्हणजे हॅमच्या देश-प्रदेशांच्या यादीत, स्वतंत्र मोजले जातात. इथे सगळं ‘भारत’. खंडाचा रकाना तर नाहीच. पश्चिम मलेशियाचं ९एम२ आशियात धरतात आणि पूर्व मलेशियाचं ९एम६, ९एम८ ओशनियात. इंडोनेशिया आणि फिलिपिन्सही ओशनियातच. टीए१ तुर्कस्तानच्या युरोपीय भागात, बाकीचे टीए आशियात. रशियन कॉलमधले ८, ९ आणि ० हे आकडे बहुतेक आशियाई, पण पर्म भागातलं आर९एफ युरोपात जातं. हॅम स्पर्धेत खंडावर गुण असतील तर केवळ या तक्त्यावर विसंबून लॉग (संपर्कांची नोंद) पाठवू नये.

त्या कामाला सीटीवाय डॉट डॅट ही कंट्री फाइल घ्यावी. लॉगिंग प्रोग्रॅम तीत सगळ्यात लांब जुळणारा उपसर्ग शोधतो, म्हणून व्हीयू४ आधी जुळतं आणि व्हीयू नंतर. खंड, आणि हॅम जगाचे जे क्रमांकित विभाग मानतात ते सीक्यू झोन (भारत २२, अंदमान २६) आणि आयटीयू झोन (४१ आणि ४९) तयार मिळतात. एक काळजी घ्या: या फाइलमध्ये पश्चिम रेखांश धन आणि पूर्व रेखांश ऋण असतात. चिन्ह न उलटता नकाशा काढला तर भारताचा ठिपका क्युबाच्या उत्तर किनाऱ्याजवळ उमटतो.

तक्ता एक्सेलमध्ये घ्यायचा असेल तर चिकटवण्याआधी रकाना ‘टेक्स्ट’ करा. नाहीतर फिलिपिन्सच्या मालिकेतलं ४ई१ आणि इंडोनेशियाच्या मालिकेतलं ७ई१ एक्सेल घातांकी संख्या समजून ४० आणि ७० करून टाकतं, आणि नंतर रकाना टेक्स्ट केल्याने मूळ अक्षरं परत येत नाहीत. हद्दीची दोन टोकं दोन वेगळ्या रकान्यांत ठेवा. तिरप्या रेघेचा कॉल असेल तर शोध रेघेआधीच्या भागाचा घ्या: ‘४एस७/व्हीयू२…’ म्हणजे भारतीय परवानाधारक श्रीलंकेतून बोलतोय.

नव्या मालिका दोन जागतिक रेडिओ परिषदांच्या मधल्या काळातही दिल्या जातात, त्यामुळे जुनी छापील प्रत भिंतीवर लावून निश्चिंत राहू नये. दक्षिण सुदान २०११ मध्ये स्वतंत्र झाला. त्याचं झेड८ त्याआधीच्या कुठल्याच प्रतीत नाही.

अधिकृतपणाला पाचपैकी पाच. हॅम लॉगसाठी पाचपैकी दोन, तेही कंट्री फाइल सोबत असेल तर.